अठरा घरं आणि सतरा विरोध

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा मोबाईल उघडला, दोन ओळी टाईप केल्या, पुसून टाकल्या. कारण मागच्या महिन्यात मी एकच कागद लिहिला आन् त्यापायी अख्खी कॉलनी एकमेकाला बोलायची बंद झाली. पण आता गल्लीत ज्याला जे वाटंल ते सांगून राहिलेत. सिंधूकाकू म्हणतेत, दयानं डीपीवर ओम लिहून दिला. विरूपाक्षअप्पा म्हणतेत, दयानं सतरा खोटे अंगठे मारले. म्हणलं, आपली बाजू आपणच टाईप केलेली बरी. जमंल तशी टाकतो, मधी गिऱ्हाईक आलं की थांबतो.

मी दयानंद. उदगीरला तहसीलच्या रोडला माझं ऑनलाइन सेंटर हाय. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, नावातली चूक दुरुस्ती, सगळे अर्ज मीच लिहितो. म्हणजे अर्ज ह्या विषयात मला कुणी शिकवायचं काम न्हाई, असं मला पार मागच्या महिन्यापर्यंत वाटत होतं.

दुसरा माझा नाद म्हणजे लाईट. झालोय बी.ए., पण लाईटीचं सगळं स्वतःच्या हिमतीवर शिकलो. रद्दीतून आयटीआयचं एक जुनं गाईड मिळालं होतं. त्याची पहिली बारा पानं फाटलेली हायेत. त्यामुळं लाईट म्हणजे नेमकं काय ते मला माहीत न्हाई, पण ती मोजायची कशी ते पक्कं माहीत हाय. आमचे अण्णा, म्हणजे वडील, लक्ष्मणराव गुरुजी, चौतीस वर्षं मराठी शिकवून हेडमास्तर म्हणून रिटायर झाले. त्यांनी ते गाईड एकदाच हातात घेतलं, दोन पानं वाचली आन् परत देताना म्हणले, "दयानंदा, ह्यातलं मराठी आंबलेलं आहे. पोटात जाऊ देऊ नकोस." मला राग आला. विज्ञानात शुद्धलेखन कशाला पाहिजे?

तर झालं असं.

माझा मित्र हरिओम. पहिलीपासूनचा. त्यानं दसऱ्याला इलेक्ट्रिकचं दुकान टाकलं. गाळा त्याच्या सासऱ्याचा, म्हणजे चन्नबसप्पा मामांचा. मामा मूळचे भालकीकडचे, घरात कानडी, बाहेर मराठी, आन् रागात दोन्ही. राहतेत आमच्याच कॉलनीत, एक नंबरच्या घरात. आमचं चौदा नंबर. एकूण घरं अठरा. हा आकडा ध्यानात ठेवा, पुढं ह्याच आकड्यानं घोळ केलाय.

डिसेंबर लागला, थंडी पडली, आन् हरीनं आमच्या कॉलनीत सात गिझर विकले. ते छोटे, भिंतीवरचे, नळ उघडला की लगेच गरम पाणी देणारे. पहिला मामांनीच घेतला, जावयाची बोहणी म्हणून. हरी प्रत्येकाला सांगायचा, "काका, नळ सोडा, हात धरा. चहाचं पाणी येतंय बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मामांच्या बाथरूममधून आरोळी आली. "बिसी इल्ला! हरिओम! बिसी इल्ला!"

बिसी म्हणजे गरम. इल्ला म्हणजे न्हाई. हे कानडी त्या दिवशी सगळ्या कॉलनीला समजलं, कारण अर्ध्या घंट्यात बाकीच्या सहा बाथरूममधूनही तेच आलं, मराठीत.

हरी सात घरं फिरला. नळ सोडायचा, हात धरायचा. पाणी थंड म्हणावं तर थंड न्हाई, गरम म्हणावं तर शपथ घ्यावी लागंल. सिंधूकाकू म्हणल्या, "हरी, हे पाणी बाळंतिणीला पाजायचं असतंय रे. आंघोळीचं कुठं हाय?" विरूपाक्षअप्पा बँकेतून रिटायर झालेले, ते एकदम मुद्द्यावर आले. "माल डुप्लिकेट हाय. ह्यानं हैदराबादहून आणला आसंल."

मामांनी हरीला समोर उभं केलं. "हे बघा जावई. संक्रांतीच्या आत सगळ्यांचं पाणी तापलं पायजे. नसंल तर गाळा खाली करा. मी बी-बियाणाच्या दुकानाला देतो. त्यात गरम काय व्हायचं नसतंय."

हरी माझ्या सेंटरवर येऊन बसला. तोंड असं केलेलं की एका म्हाताऱ्या गिऱ्हाईकानं त्याला विचारलं, "तुमचंबी नाव यादीतून उडालं का?"

"दया," तो म्हणला, "माल अस्सल हाय रे. पण दाखवू कसं?"

मी खुर्ची मागं सारली. अशा क्षणाची मी चार वर्षं वाट बघत होतो. ड्रॉवर उघडला आन् माझा क्लॅम्प मीटर बाहेर काढला. चिमट्यावानी असतोय. वायरीला नुसता चिमटा लावायचा, करंट किती चाललाय ते आकड्यात दिसतंय. ऑनलाइन मागवला होता. आजवर त्यानं मी फक्त आमच्या फ्रिजचा करंट मोजला होता, तोबी अण्णा घरी नसताना.

"व्होल्टेज मोजायचं," मी म्हणलं, "करंट मोजायचा. व्होल्टेजला करंटनं भागलं की विरोध. व्होल्टेजला करंटनं गुणलं की पावर. विरोध बरोबर आला की कॉइल अस्सल. कोर्टात टिकंल असं काम हाय."

आमच्या त्या गाईडात रेझिस्टन्सला विरोध म्हणलेलं हाय. तारेतून करंट जायला बघतो, तार त्याला विरोध करते. मला तो शब्द लई आवडला होता. माणसासारखा वाटायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता चन्नबसप्पा मामांच्या बाथरूमच्या दारात मी, हरी, मामा, सिंधूकाकू, अप्पा आन् बघायला आलेले अजून पाचसहा जण. मी व्होल्टेज मोजलं. एकशे ऐंशी. मग मामांना नळ सोडायला सांगितलं, गिझरच्या वायरीला चिमटा लावला आन् मीटर सगळ्यांना दाखवला.

शून्य.

"म्हंजे?" मामांनी विचारलं.

"म्हणजे करंट न्हाई."

"करंट न्हाई, मग पाणी कोमट कशानं झालं? हरिओमच्या भाषणानं?"

मी आकडेमोड केली. एकशे ऐंशी भागिले शून्य. विरोध अनंत. पावर शून्य. हे मी मोठ्यानं बोललो, ते बोलायला नको होतं. अप्पा म्हणले, "बघा, अनंत विरोध म्हणून राहिला. ह्याच्या बापानं ह्याला शिक्षक करायचं होतं, निदान पोरं तरी हसली असती."

घरी येऊन व्हिडिओ बघितला तवा कळलं. पूर्ण वायरीला चिमटा लावायचा नसतोय. आत दोन तारा असतेत, एक जाणारी, एक येणारी. दोन्ही एकदम धरल्या की एकमेकाला काटतेत आन् मीटर शून्य दाखवतंय. एकच तार धरायची असते. हे बहुतेक त्या फाटक्या बारा पानांत असंल.

तिसऱ्या दिवशी परत गेलो. मेन स्विच बंद केला, वरचं आवरण सोडवून एक तार वेगळी केली, मेन चालू केला, चिमटा लावला. दहा पूर्णांक दोन! मला रडू यायचं राहिलं. एकशे ऐंशी भागिले दहा पूर्णांक दोन, म्हणजे सतरा पूर्णांक पासष्ट ओहम. आता गिझरच्या डब्यावर काय लिहिलंय? दोनशे तीस व्होल्टला तीन हजार वॅट. म्हणजे करंट तेरा. दोनशे तीस भागिले तेरा, सतरा पूर्णांक एकोणसत्तर. तोच विरोध! कॉइल अस्सल!

"मग पाणी का तापंना?" सिंधूकाकू.

"काकू, विरोध तेवढाच हाय. पण व्होल्टेज कमी म्हणून करंटबी कमी. एकशे ऐंशी गुणिले दहा पूर्णांक दोन, अठराशे छत्तीस वॅट. तीन हजारचं काम अठराशेवर चाललंय."

काकूंनी जरा विचार केला. "विरोध पूर्ण आन् काम अर्धंमुर्धं? आमच्या सूनबाईसारखंच हाय की मग."

कॉलनीच्या टोकाला नाल्याजवळ एक जुनी डीपी, म्हणजे लाईटीचा ट्रान्सफॉर्मर, हाय. तिच्यावर आमची अठरा घरं, एक पिठाची गिरणी आन् एक मंगल कार्यालय. सकाळी सगळ्यांनी गिझर लावले की ती बिचारी धाप टाकती. म्हणजे दोष हरीचा न्हाई, डीपीचा हाय. मामा म्हणले, "ठीक हाय. पण संक्रांत संक्रांतच. डीपी तापवा न्हाईतर पाणी तापवा. मला आंघोळ पायजे."

आता अर्ज आला. म्हणजे माझं मैदान.

अण्णा तवा लातूरला माझ्या थोरल्या बहिणीकडं, उज्वलाक्काकडं गेले होते, डोळ्याचं ऑपरेशन करायला. ते घरी असते तर अर्ज त्यांनी वाचलाच असता. खरं सांगतो, ते नव्हते ह्याचा मला आनंदच झाला होता. मी एकट्यानं बसून लिहिला. अजून तोंडपाठ हाय:

"विषय : आमच्या कॉलनीतील डीपीबाबत. महोदय, रोज सकाळी सहा ते नऊ या वेळेत व्होल्टेज १८० व करंट १०.२ असतो. त्यावरून एकूण विरोध १७ Ω इतका येतो. हा विरोध कायम आहे. तरी योग्य ती कारवाई व्हावी ही विनंती."

पुढचे दशांश मी मुद्दाम काढले. सरकारी माणसाला दशांश दिला की फाईल सरकत न्हाई, हा माझा अनुभव. पण तेवढे दशांश ठेवले असते ना, तर पुढचं काहीच झालं नसतं. सतरा पूर्णांक पासष्ट माणसं कुणाला विरोध करत न्हाईत.

पंधरा दिवस काही हललं न्हाई. नवं वर्ष उलटून गेलं. मामा रोज सकाळी फाटकात उभं राहून हरीला बोटावर दिवस दाखवायचे. बी-बियाणावाला येऊन गाळ्याची लांबी-रुंदी घेऊन गेला. हरीची बायको ऋतुजा बापाशी बोलायची बंद झाली, म्हणून मामा अजूनच चिडले.

शेवटी मी लाईट ऑफिसला गेलो. टेबलावर सटवाजीबाबू. वर्षानुवर्षं तिथंच हायेत, चष्मा कपाळावर, पान गालात.

"तुमची कॉलनी? आरे तुमची डीपी तर मंजूर हुती!" ते म्हणले. "नवी, शंभरची. कॉलनीच्या मधोमध बसवायची. ट्रकवर चढवायचंच राह्यलं हुतं. पण विरोध आला ना."

"विरोध? कुणाचा?"

"कॉलनीवाल्यांचाच. सतरा लोकांचा. अंगठ्यासकट."

माझं डोकंच फिरलं. मी फाईल बघायला मागायला पाहिजे होती. मागितली न्हाई. तसाच गाडीला किक मारून दुकानात गेलो आन् हरीला सांगितलं. हरीनं मामांना सांगितलं. मामांनी कॉलनीला सांगितलं, मधल्या रस्त्यावर उभं राहून, दोन्ही भाषेत.

अठरा घरं. सतरा विरोध. म्हणजे एकच घर चांगलं निघालं. आन् प्रत्येकाला वाटून राहिलं की ते एक घर आपलंच.

सिंधूकाकूंनी अप्पांच्या घरचं हळदीकुंकवाचं आवतन परत पाठवलं. अप्पांनी काकूंच्या नळाला लावलेला आपला पाईप काढून घेतला. तोंडावर सगळे म्हणायचे, "आमचा कशाला विरोध आसंल?" आन् पाठ वळली की, "त्यांचाच आसंल." कोण घरात होतं, कोण गावाला होतं, कुणाला अंगठा मारायची गरज पडंल, ह्याचे हिशोब सुरू झाले. ही कॉलनी सगळी मास्तर, कारकून, बँकवाल्यांची. अंगठा मारणारं माणूस एकबी न्हाई. तर अप्पा म्हणले, "मुद्दाम अंगठे मारलेत. सही ओळखू येती ना!"

दोन दिवस मी छाती काढून फिरलो. एकटा मीच ह्या लोकांसाठी झटलो आन् हे मागून विरोध करतेत. हरीला म्हणलंबी, "लेका, ह्या लोकांना कोमटच पाणी पाहिजे."

तिसऱ्या दिवशी परत ऑफिसला गेलो. ह्या वेळी मोबाईल तयार ठेवला होता, सतरा नावांचा फोटो घ्यायला. "बाबू, तो विरोधाचा कागद दाखवा."

सटवाजीबाबूंनी फाईल सोडली, बोट थुंकीनं ओलं केलं, पानं उलटली आन् एक कागद माझ्यासमोर सरकवला.

माझाच अर्ज होता.

"हे बघा," ते चष्मा खाली घेऊन वाचायला लागले. "विषय डीपीबाबत. एकूण विरोध सतरा. पुढं अंगठ्याची खूण. हा विरोध कायम आहे. ह्याच्यापेक्षा सरळ काय लिहितेत?"

"बाबू, तो अंगठा न्हाई! ते ओहमचं चिन्ह हाय!"

त्यांनी कागद उजेडाला धरला. मीबी बघितलं. आन् प्रामाणिकपणे सांगतो, दोन मिनिटं बघत राहिलं की Ω हे खरंच अंगठ्यावानी दिसतंय.

"ओम असू दे न्हाईतर हरिओम," ते म्हणले. "फाईलला एकदा विरोध लागला की लागला. आता सतरा जणांनी येऊन तो मागं घ्यायला पायजे. लेखी."

"पण बाबू, तो गिझरच्या कॉइलचा विरोध हाय. कॉइल विरोध मागं कसा घेईल?"

"ते कॉइलनं बघावं."

हरीला सांगायची हिंमत होईना. पण सांगितलं. तो पाच मिनिटं नुसता बल्बची खोकी मोजत राहिला. मग म्हणला, "दया, मी बी-बियाणाच्या दुकानात कामाला राहू का?" त्याच्या बोलण्यात चेष्टा नव्हती. मला माझीच लाज वाटली. सातपैकी एकबी गिझर खराब नव्हता, पोरगं खरं होतं, आन् त्याचं दुकान माझ्या एका शब्दापायी हातचं चाललं होतं.

परत ऑफिस. ह्या वेळी सटवाजीबाबूंना ओलांडून आत, ज्युनिअर इंजिनिअर विशाखा मॅडमकडं. माझ्याच वयाच्या. त्यांनी अर्ज वाचला, आधी भुवया वर गेल्या, मग कागद तोंडापुढं धरला. कागद हलायला लागला. हसून राहिल्या होत्या.

"एकशे ऐंशी भागिले दहा पूर्णांक दोन," त्या म्हणल्या. "गणित बरोबर आहे हो तुमचं. उद्या स्थळपाहणीला येते. कॉलनीतल्या सगळ्यांना बोलवा."

दुसऱ्या दिवशी अठराच्या अठरा घरं रस्त्यावर. मॅडमनी अर्ज मोठ्यानं वाचून दाखवला आन् ओहम म्हणजे काय ते समजावून सांगितलं. मग सगळे एकदम माझ्याकडं वळले. त्या दोन मिनिटांत मला कुणी काय म्हणलं ते टाईप करत न्हाई. मामांनी तर कानडीतूनच सांगितलं, आन् मी त्याचा अर्थ आजपर्यंत कुणाला विचारलेला न्हाई.

"म्हणजे कुणाचाच विरोध नाही," मॅडम म्हणल्या. "छान. मग डीपी बसवायची कुठे ते ठरवू. ह्या घरासमोर चालेल?"

ते सिंधूकाकूंचं घर होतं. "अगं बया! माझ्या दारात? ती रात्रंदिवस गुणगुणती म्हणं. नातू भिईल."

"नातू बिदरला असतोय काकू," कुणीतरी म्हणलं.

"येतोय की सुट्टीला!"

अप्पांच्या घरासमोर? अप्पांची गाडी निघत न्हाई. मामांच्या? "बेडा, बेडा! नको! घर पूर्वमुखी हाय, दारात लोखंड चालत न्हाई." पाच नंबरवाल्यांचं लग्न ठरलेलं, अकरावाल्यांचं बाळ लहान, सोळाला वास्तू सांगितलेली. मी बोटं मोजत होतो. सतरा घरं झाली. माझ्या अर्जातला विरोध खोटा होता, तो माझ्या डोळ्यासमोर खरा झाला. एकबी दशांश इकडंतिकडं न्हाई.

उरलेलं अठरावं घर आमचं.

आमच्या फाटकाबाहेर एक कट्टा हाय. अण्णांनी रिटायर झाल्यावर स्वतः उभं राहून बांधून घेतला. शहाबादी फरशी, वर कडुलिंब. रोज सकाळी चार रिटायर मास्तर तिथं बसून पेपरातल्या शुद्धलेखनाच्या चुका पेनानं गोल करतेत. पेपर नंतर कुणी वाचत न्हाई, गोल मोजतेत.

मॅडम नेमक्या त्या कट्ट्यापाशी थांबल्या. "ही जागा चांगली आहे. कुणाचं फाटक नाही, वरून लाईन जवळ. फक्त हा कट्टा काढावा लागेल. घरमालकाचं ना-हरकत शनिवारपर्यंत द्या. नाहीतर ही डीपी शिरूर अनंतपाळला मागतायत, तिकडे जाईल."

सतरा घरं माझ्याकडं बघून राहिली. पण मी फक्त हरीकडं बघितलं. तो म्हणला, "न्हाई दया. गुरुजींचा कट्टा हाय तो. जाऊ दे." आन् निघून गेला.

तो "कर की" म्हणला असता तर मी केलं नसतं.

घरमालक अण्णा. अण्णा लातूरला. मी आधी स्वतःच ना-हरकत लिहायला बसलो. "ह्या कामास माझा विरोध शून्य आहे." मॅडमना मोबाईलवर पाठवलं, बरोबर हाय का म्हणून. लगेच उत्तर आलं : "शून्य विरोध लिहू नका. शॉर्ट सर्किट होतं. कुणालातरी विचारून लिहा."

कुणाला विचारणार? उदगीर तालुक्यात अर्जाचं मराठी विचारावं असं माणूस एकच, आन् त्याच्याच कट्ट्याचा प्रश्न.

अण्णांना फोन लावला. ऑपरेशन झालेलं, डोळ्यात थेंब चालू, पडून होते, कंटाळलेले. मी म्हणलं, "अण्णा, एका घरमालकाचं ना-हरकत लिहायचंय. डीपीसाठी. जमंना."

"आधी काय लिहिलं होतंस, वाच."

पहिला अर्जबी वाचला.

"विरोध?" अण्णा म्हणले. "अरे गाढवा, रोध! रोध म्हणतात त्याला! शाळेतल्या मुलाला विचार. 'वि' तू लावलास! एका उपसर्गाने अर्थ कुठल्या कुठे जातो, हे मी तुला आठवीत शिकवलं होतं. प्रहार, विहार, संहार!"

"हाव अण्णा."

"घे लिहून."

मग त्यांनी चाळीस मिनिटं सांगितलं. खोटं कशाला बोलू, मी घरमालक कोण ते सांगितलं न्हाई आन् त्यांनी विचारलं न्हाई. त्यांना भाषेची धुंदी चढली होती. "सार्वजनिक हिताचा विचार करता... नाही, विचार करता खोड. सार्वजनिक हित लक्षात घेऊन माझ्या घरासमोरील जागेत, स्वल्पविराम, तेथील बांधकाम काढून, रोहित्र बसवण्यास माझी कोणतीही हरकत नाही. डीपी लिहू नको, रोहित्र लिही. घर क्रमांकाला जागा सोड, ज्याचा असेल तो भर."

मी भरला. चौदा. पीडीएफ करून उज्वलाक्काला पाठवला. अक्का छापून घेऊन आली, अण्णांच्या हातात पेन दिला. पुढचं अक्कानं फोनवर सांगितलं. अण्णांनी विचारलं, "काय आहे हे? मला दिसत नाही काही." अक्का म्हणली, "दयाचा अर्ज हाय. तुम्हीच सांगितलाय म्हणं." अण्णा म्हणले, "मग शुद्ध असेल." आन् सही केली.

शनिवारी दुपारी कागद मॅडमच्या टेबलावर होता. रविवारी ट्रक, क्रेन. कट्टा काढताना शहाबादी फरशी मी एक एक करून उचलून मागच्या अंगणात लावली. हरी आला, फरशीची दुसरी बाजू धरली. मंगळवारी लाईन जोडली.

बुधवारी, भोगीच्या दिवशी, सकाळी सात वाजता मामांच्या बाथरूमच्या दारात परत सगळी कॉलनी. व्होल्टेज दोनशे सव्वीस. एकाच तारेला चिमटा, करंट बारा पूर्णांक आठ. भागून बघितलं, सतरा पूर्णांक पासष्ट. विर... रोध तोच! गुणून बघितलं, अठ्ठावीसशे त्र्याण्णव वॅट! मी आकडा सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात मामांनी सवयीनं नळाखाली पूर्ण हात धरला.

"बिसी! बिसी! अय्यय्यो!"

मामा टॉवेलवर बाहेर आले, हात झाडत, आन् आयुष्यात पहिल्यांदा जावयाकडं बघून हसले. बी-बियाणावाल्याला तिथूनच फोन लावला. दुपारपर्यंत हरीच्या दुकानातून अजून चार गिझर गेले, आन् सिंधूकाकूंनी तक्रार केली की पाणी लई कढत येतंय, माणसानं आंघोळ करावी का भात टाकावा.

सगळ्यांचं सगळं झालं. माझं राहिलं.

आज सकाळी अण्णांचा फोन आला. "डोळा स्वच्छ झाला रे. मुंगीसुद्धा दिसते. चारच्या गाडीने निघतोय. कट्ट्यावर पाणी मारून ठेव, धूळ बसली असेल. आणि मास्तरांना निरोप दे, उद्या सकाळी पेपर."

फाटकाबाहेर डीपी हाय. कडुलिंबाखाली. गुणगुणून राहिली.

हरी दुपारी आला. "मी सांगतो गुरुजींना. म्हणतो, मीच करायला लावलं."

"न्हाई. तू तर न्हाई म्हणून गेला होतास."

"मग कसं सांगणार हायस तू?"

मी मोबाईल दाखवला. चार मुद्दे टाईप करून ठेवले होते. प्रति, आदरणीय अण्णा. विषय, कट्ट्याबाबत.

हरीनं विषय वाचला, मोबाईल हातातून घेतला आन् सगळं पुसून टाकलं. "दया, तुझ्या पाया पडतो. शब्द दे मला."

दिला. सहाला मी एकटा स्टँडवर जाईन. गाडी लागली की अण्णांची पिशवी हातात घेईन, रिक्षात त्यांच्या शेजारी बसेन, आन् कॉलनीच्या वळणावरून ती डीपी दिसायच्या आत पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं खरं खरं सांगेन. लेखी न्हाई. तोंडी.